बुला ओळखायला शंख पुरला नाही

बुला प्रजातीच्या (genus) सात समुद्री गोगलगायी माझ्यापुढे होत्या आणि मला त्यांच्या जाती (species) ठरवायच्या होत्या. अंडाकृती, गुळगुळीत शंख. शिखर वर निघण्याऐवजी आत खचलेलं, तिथे फक्त बारीक खळगा. तोंड पार शंखाच्या लांबीएवढं, आणि त्याला झाकण नाही. रंग आणि ठिपके पाहून दोन दिवसांत मी चार जाती ठरवल्या.

मग जुनी वर्गीकरणं वाचली आणि खात्री ढासळली. जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये बुला हे नाव वापरलं तेव्हा फुगीर शंखाचे कितीतरी प्राणी त्यात घातले होते. आज फायकस आणि ओव्हुला या प्रजातींत मोडणारे प्राणीही त्यात होते. शरीररचना पाहिली तर त्यांचं बुलाशी जवळचं नातं नाही. मी तेच करत होते, फक्त छोट्या प्रमाणात.

शंखातला प्राणी पाहायचं ठरवलं. पहिला थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आखडून शंखात इतका घट्ट बसला की काही दिसेना. दुसऱ्याला आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात हळूहळू शिथिल होऊ दिलं, आणि पहिल्यांदाच पूर्ण शरीर दिसलं. पुढे डोक्यावर रुंद, चपटी ढाल, वाळूत शिरायला उपयोगी. लांब शिंगं नाहीत. डोळे लहानसेच, पण बुला गौल्डियाना या जातीचा डोळा शरीरापासून वेगळा काढून ठेवला तरी दिवस-रात्रीची लय पाळत राहतो, हे वाचल्यापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहते.

चिरफाडीत सगळ्यात जास्त रमले ती पेषणीपाशी, म्हणजे अन्न भरडणाऱ्या अवयवापाशी. तीन कडक, गडद पट्ट्या अन्नमार्गाभोवती दाटीने बसलेल्या असतात आणि शैवाल त्यांच्यात भरडलं जातं. हायडाटिना या दुसऱ्या समुद्री गोगलगायीचा शंखही असाच फुगीर असतो, पण तिला अशा पट्ट्या नसतात. ती वाळूतले कृमी खाते. म्हणजे शंखाचं साम्य किती वरवरचं!

रेडुलासाठी, म्हणजे तोंडातल्या दातांच्या पट्टीसाठी, मुखाचा भाग सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला. मांस विरघळलं आणि ती इवलीशी पट्टी उरली. ती सुईने उचलताना श्वास रोखून धरला होता. प्राणी उभयलिंगी, त्यामुळे प्रत्येकात डोक्याच्या उजव्या बाजूचं नर जननेंद्रिय शोधायचं होतं. त्याला दोन संध्याकाळी लागल्या.

२००८ मध्ये मलाकियास आणि रीड या संशोधकांनी शंख, अंतर्गत रचना आणि डीएनए एकत्र पाहून बुलाच्या हयात जाती बारावर आणल्या. त्यांचं वर्णन शेजारी ठेवून मी उरलेले सहाही प्राणी तपासले. जननेंद्रिय सगळ्यांचं एकाच घडणीचं निघालं, फरक होता तो फक्त ठिपक्यांचा. जुन्या चिठ्ठ्या काढून त्या सहा बाटल्यांवर 'बुला अँपुला' लिहिलं. सातव्या, आखडलेल्या प्राण्याच्या चिठ्ठीवर फक्त 'बुला'.