परभणीचे पेट्रोल आणि माझी वही

राज्यात सर्वांत महाग पेट्रोल कुठे, असा प्रश्न निघाला की बातम्यांत बहुधा आमच्या परभणीचे नाव येते. इंधनाचे टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून एवढे अंतर रस्त्याने तोडून येतात आणि तो वाहतूकखर्च लिटरमागच्या भावात मिसळतो, हे त्याचे साधे कारण. अंतर मात्र रोज बदलत नाही; मग भाव वरखाली का होतो, हे समजून घेण्यासाठी मी १६ जून २०१७ पासून, म्हणजे देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू होऊ लागला तेव्हापासून, एक वही ठेवली आहे. घरात तिला थट्टेने 'पासबुक' म्हणतात.

पेट्रोलवरचे सरकारी दरनियंत्रण जून २०१० मध्येच उठले होते. त्यानंतर तेल कंपन्यांनी तयार पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय दर आणि रुपया-डॉलरचा विनिमय दर पाहून किंमत ठरवावी, अशी व्यवस्था आली. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, तेव्हा बाहेरच्या बाजाराचे धक्के आपल्याला बसणारच. माझी वही मात्र हे निम्मेच खरे ठरवते.

एप्रिल २०२०चे पान पाहा. टाळेबंदीने जगभर मागणी आटली, साठवायला जागा उरली नाही आणि २० एप्रिलला अमेरिकेत मे महिन्याच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या महिन्यात तेल घेण्याच्या कराराचा, भाव शून्याखाली, पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. भारत घेतो त्या तेलाची सरासरीही त्या महिन्यात २० डॉलरच्या आसपास होती. पंपावर मात्र दर उतरला नाही, कारण केंद्राने मार्चमध्ये ३ आणि मेमध्ये १० रुपये असे उत्पादन शुल्क वाढवून ती स्वस्ताई स्वतःच्या तिजोरीकडे वळवली. पुढे ७ जूनपासून, ८२ दिवसांच्या खंडानंतर, रोजची वाढ सुरू झाली, तेव्हा वाढलेले शुल्क तसेच राहिले आणि महाग होत चाललेल्या तेलाचा भार त्यावर चढला.

याच्या उलट पान २०२२चे आहे. ४ नोव्हेंबर २०२१ला शुल्क ५ रुपयांनी उतरले आणि नंतर साडेचार महिने तेल कंपन्यांनी दराला हातच लावला नाही. याच काळात पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि युक्रेनवर रशियाचे आक्रमण होऊन ब्रेंट तेल, म्हणजे जागतिक भाव ज्यावरून मोजतात ते कच्चे तेल, मार्चमध्ये १३० डॉलरच्या वर जाऊन आले. निकाल १० मार्चला लागले; २२ मार्चपासून ८०-८० पैशांची वाढ सुरू झाली आणि ६ एप्रिलला मुंबईचा दर १२०.५१ रुपयांवर पोहोचला. 'रोज बदलणारा' दर इतके दिवस गोठला कसा, याचे उत्तर बाजाराच्या नियमांत मला तरी सापडत नाही.

राज्येही यात निरागस नाहीत. महाराष्ट्राच्या व्हॅटचा, म्हणजे राज्याच्या विक्रीवरील कराचा, मोठा भाग टक्केवारीत असल्यामुळे मूळ दर वाढला की राज्याची कमाई आपोआप वाढते. याउलट मनोहर पर्रीकरांनी २०१२ मध्ये गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हा लिटरमागे ११ रुपये एका फटक्यात उतरले. राज्यांची तक्रारही खोटी म्हणता येत नाही, कारण केंद्राच्या वसुलीतला बहुतांश भाग उपकर आणि विशेष शुल्काच्या रूपात असतो व त्यात राज्यांना वाटा मिळत नाही.

८ एप्रिल २०२५ला कच्चे तेल उतरत असताना केंद्राने शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढवले आणि ते तेल कंपन्यांनीच सोसले, त्यामुळे पंपावरच्या भावात त्याची खूण उमटली नाही. तेव्हापासून मी वहीत भावाशेजारी कराचाही एक रकाना आखला आहे.