कोकीळ पाहायचा तर कावळ्याकडे बघा

फाल्गुन सरत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेली तक्रार येते. पहाटे चार-साडेचारपासून कोकीळ ओरडतो, झोपेचं खोबरं होतं, काहीतरी करा. मागे एका काकांनी त्यावर गंभीरपणे लिहिलं होतं, ‘वॉचमनला सांगून ठेवतो.’ वॉचमन काय करणार होता, कोण जाणे.

गंमत अशी की ज्याच्या नावाने एवढा शंख होतो, त्याला पाहिलेलं फारसं कोणी नसतं. आवाज येतो समोरच्या आंब्यातून. आपण गॅलरीत जाऊन मान मोडेपर्यंत बघावं, तर तिथे नुसती पानं. हा पक्षी दाट पानोऱ्यात बसतो आणि तिथून सहसा बाहेर येत नाही. म्हणून माझा अनुभवाचा सल्ला असा की कोकीळ शोधूच नये, कावळ्यांवर लक्ष ठेवावं. दोन कावळे चिडून एका काळ्या, लांब शेपटीच्या पक्ष्याच्या मागे लागले असतील आणि तो सरळ, झपाझप उडत पुढच्या झाडात घुसला, तर तो कोकीळ. कावळ्यांचा राग काही उगाच नाही. उन्हाळ्यात त्यांची घरटी बांधून होतात, त्याच सुमाराला याचा गळा फुटतो. नर घरट्याच्या आसपास घुटमळून त्यांना अंगावर घेतो आणि तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात आपलं अंडं घालून मोकळी होते, असं पक्षीनिरीक्षकांनी नोंदवून ठेवलं आहे.

असाच पाठलाग चुकवून आलेला एक नर मागे माझ्या खिडकीबाहेरच्या पिंपळात, जेमतेम दोन हातांवर टेकला. लांबून नुसता काळा वाटणारा हा पक्षी काळा नव्हताच. उन्हाची तिरीप पडली तशी पाठीवर निळी-हिरवी झाक सरकली. चोच फिकट हिरवट, आणि डोळे लालभडक, थेट डाळिंबाचे दाणे. मग त्याने शेपटी खाली ओढली, गळा फुगवला आणि सुरू केलं. प्रत्येक ‘कुहू’ आधीपेक्षा वरच्या पट्टीत. एवढ्या जवळून तो आवाज गोड वगैरे वाटत नाही, कानठळ्या बसतात. टिपेला पोचल्यावर त्याने मध्येच थांबून एक पिंपळफळ गिळलं आणि पुन्हा खालच्या सुरापासून आरंभ केला. ग्रुपवर तक्रार करणाऱ्यांबद्दल त्या दिवशी मला थोडी सहानुभूती वाटली.

मादी तर कित्येकांना ठाऊकच नसते. ती तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि शेपटीवर आडवे पट्टे. ती ‘कुहू’ करत नाही. घाईघाईने ‘किक्-किक्-किक्’ करत या झाडातून त्या झाडात जाते. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यांच्या आधी उबतं, त्यामुळे तिच्या पिल्लाचा घासही आधी सुरू होतो. मे-जूनमध्ये तारेवर बसून चोच वासणारं असं पिल्लू आणि त्याला भरवून दमलेला कावळा दिसला, तर जरा वेळ थांबून बघा. आपल्याकडे वसंताचं सगळं कौतुक कोकिळाला आणि कावळ्याची आठवण फक्त पितृपक्षात. शहरात तो बिचारा तारेचे तुकडेसुद्धा वापरून घरटं करतो, म्हणून तर हे गाणं शहरात ऐकू येतं.

हाच हिशेब पुण्याच्या टेकड्यांवरही लागू पडतो. एप्रिल-मेमध्ये वेताळ टेकडीवर संध्याकाळी गेलात तर कोकिळाचाच भाऊबंद पावशा हमखास ऐकू येतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ करत सूर चढवत नेतो, आणि चांदणं असेल तर रात्रीसुद्धा थांबत नाही. दिसणं मात्र कठीण, आणि दिसला तरी पटणं कठीण. राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी आणि उडण्याची ढबही हुबेहूब शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याची. छोटे पक्षी त्याला पाहून घाबरून कलकलाट करतात. चोच शिकाऱ्यासारखी आकड्याची नाही आणि डोळ्याभोवती पिवळं कडं आहे, हे दिसलं म्हणजे तो पावशा. याची पिल्लं वाढवतात टोळीने राहणारे सातभाई पक्षी. सातभाईंची अंडी निळी, पावशाचीही निळी. आधीच त्या टोळीत दिवसभर भांडणं, त्यात हा एक खादाड पाहुणा. तरी ते त्याला पोसतात.

जूनच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा चातकही याच सातभाईंच्या गळ्यात पडतो. काळा-पांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा. तो पावसाचंच पाणी पितो, ही कविकल्पना. खरं तर तो केसाळ सुरवंटांवर ताव मारतो. त्याला पाहायचं असेल तर खुरट्या झुडपांच्या माळावर सातभाई जिथे नेहमीपेक्षा जास्त कोकलत असतील तिकडे दुर्बीण वळवावी. कारुण्य कोकिळा याहून अवघड. रडवेली शीळ घालते आणि शिंपी, वटवट्या अशा चिमुकल्यांच्या घरट्यात अंडी घालते. स्वतःपेक्षा दुप्पट मोठ्या पोराला भरवणारा शिंपी दिसायला नशीब लागतं.

या घराण्यात सरळमार्गी म्हणावा असा ओळखीचा पक्षी म्हणजे भारद्वाज. तोही कोकिळांच्याच कुळातला, पण स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, अंडी उबवतो, पोरं वाढवतो. तांबूस पंख, काळं अंग, डोळे लाल. लोक त्याचं दर्शन शुभ मानतात. शेजारच्या आजी तर तो कुंपणावर दिसला की हातातलं काम टाकून नमस्कार करतात. हा गोगलगायी खातो आणि दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लंही सोडत नाही, असं मी त्यांना एकदा सांगितलं. ‘असू दे,’ आजी म्हणाल्या, ‘स्वतःची पोरं तर स्वतः सांभाळतो ना?’