चार सेल, एक कॅसेट

रविवार, चैत्र. संध्याकाळ.

दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आणि टेबलावरचा जुना टँडी कॉम्प्युटर चालूच राहिला. चार पेन्सिल सेलवर. अण्णांना १९८६ साली त्याचा हाच गुण भावला होता. लाइट गेली की सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या कारखान्यातले सगळे माग एकदम बंद पडत, आणि त्या शांततेत अण्णा सुताचा हिशोब करायला बसत. माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, तिथे आकडेमोड कुठली!

टीआरएस-८० मॉडेल १००. १९८३ चा, जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवलेला आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकला गेलेला. काकांनी तिकडून आणला होता. आकाराने फुलस्केप वहीएवढा, पडद्यावर चाळीस अक्षरांच्या आठ ओळी, मेमरी ३२ के. कारखाना बंद झाला तसा तो माळ्यावर गेला.

दिवाळीच्या साफसफाईत बॅग खाली आली. लगेच सेल घालून बटण दाबायचा फार मोह झाला होता. दाबलं नाही तेच बरं. सेल बदलताना मेमरी पुसली जाऊ नये म्हणून आत बोर्डावर एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असते, आणि इतक्या वर्षांत ती पाझरते. आमचीही पाझरली होती, भोवती हिरवट खपली धरली होती. आधी ती कापून काढली. आतलं द्रव्य अल्कली, म्हणून डाग व्हिनेगरने पुसला, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. कपॅसिटर बदलायचं काम मागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना दिलं. त्यांचा हात फार हलका आहे.

खरा वेळ गेला तो सोबतच्या वस्तूंवर. ॲडॉप्टरला अण्णांनी चिकटपट्टी लावून ठेवली होती, बॉलपेनाने लिहिलेलं: ‘६ व्होल्ट. आत उणे.’ हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरना पिनेच्या आत अधिक असतं. ती पट्टी नसती तर मी घरातला कुठलाही ॲडॉप्टर खुपसला असता, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायला लागणाऱ्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चिकटला होता. नवी पेठेत दोन दुकानं फिरल्यावर त्याच मापाचा मिळाला.

आज सगळं जोडलं. चालू केल्यावर तारीख आली १ जानेवारी १९००, खाली २९,६३८ बाइट मोकळ्या. म्हणजे आत काहीच उरलेलं नाही, जे आहे ते कॅसेटवर. ‘सीलोड’, म्हणजे कॅसेटवरून प्रोग्रॅम आत घे, असं टाईप करून टेप सुरू केला. आयओ एरर, म्हणजे वाचता आलं नाही. टेपचा आवाज थोडा वाढवला, पुन्हा तेच. असं पाच वेळा. सहाव्यांदा आवाज जवळजवळ पूर्ण केला, आणि पडद्यावर ‘फाउंड’ आणि पुढे अण्णांनी दिलेलं नाव. मी मोठ्याने हाक मारली.

अण्णा चष्मा शोधत आले आणि उभ्याउभ्याच एका बोटाने ‘रन’ दाबलं. काउंट म्हणजे सुताची बारीकी विचारली, रीड म्हणजे धाग्यांची दाटी विचारली, पन्हा विचारला, लांबी विचारली. ८४० वारांची एक लडी, आणि एका पौंडात अशा वीस लड्या बसल्या तर वीस काउंट. हे मी लहानपणी पाढ्यासारखं ऐकलंय, पण त्याचा प्रोग्रॅम अण्णांनी स्वतः लिहिला होता हे मला आज कळलं. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, वजन आलं. अण्णांनी बघितलं आणि मान हलवली.

“यात घट, वाया जाणारं सूत, धरलेली नाही. घट मी मनात धरायचो. सुताच्या बाचक्याबाचक्याला वेगळी असते गं.”

“मग आता धरू या की. एक ओळ वाढवायची.”

ते खुर्ची ओढून बसले. ओळ मी टाईप केली, कुठे घालायची ते त्यांनी सांगितलं. पुन्हा रन. या वेळी आकडा बघून काही बोलले नाहीत, तोच पन्हा ठेवून दुसरा काउंट घातला. मग तिसरा.

लाइट आली, पंखा फिरला. मी उठायला लागले तर म्हणाले, “थांब, आधी कॅसेटवर घे.”

टेप फिरत होता तेवढ्यात त्यांनी कॅसेटच्या डबीतला जुना कागद बाहेर काढला, १९८७ च्या खाली आजची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘घटीसह’.