घटस्थापनेआधी जवारीला दिलेला तंबोरा

आत्याचा तंबोरा गेली काही वर्षे नीट बोलत नव्हता. साठेक वर्षांपूर्वी, आत्या गाणे शिकू लागली तेव्हा, आजोबांनी तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीतूनच घेतला होता. चार तारांचा, बायकांच्या स्वराचा आणि काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लागणारा असा तो तंबोरा आहे. मधल्या काळात आत्या दुसऱ्या एका मोठ्या शहरात राहत असताना तेथील एका दुकानात त्याची दुरुस्ती झाली होती. त्या दुरुस्तीत घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, प्रमाणाबाहेर घासली गेली आणि तेव्हापासून पंचमाची तार छेडली की स्वराऐवजी खरखरच अधिक ऐकू येई. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. या वर्षी तिने मला स्पष्टच सांगितले की, नवरात्राआधी हा तंबोरा गल्लीत नेऊन तारा पुन्हा मोकळ्या बोलतील अशी जवारी करून आण, नाहीतर तो माझ्यासमोर ठेवू नकोस.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला नवरात्र आणि तंबोरा या दोन गोष्टी एका दमात का आठवतात, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवे. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात नऊ रात्री संगीत महोत्सव होतो, आणि ते देऊळ, मीरासाहेबांचा दर्गा व तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची गल्ली ही तिन्ही ठिकाणे गावाच्या जुन्या भागात पायी फिरता येईल इतकी जवळ आहेत. ज्या वाद्यावर रात्री कलाकार गाणार किंवा वाजवणार, त्याची तार तुटली तर ती बदलणारा माणूस शेजारच्या आळीत राहतो आणि बहुधा श्रोत्यांतच बसलेला असतो. मैफली पुष्कळ गावांत होतात, पण वाद्य घडवणारा हात, ते वाजवणारा हात आणि ते ऐकणारा कान एकाच पेठेत भेटावेत, हे भाग्य मला मिरजेखेरीज इतरत्र दिसलेले नाही. म्हणून महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका हातात आली की मी ती गल्लीपासून वेगळी करून वाचू शकत नाही.

मी गेले ते दुकान रस्त्याकडे पूर्ण उघडे आहे. छताला सुकलेले भोपळे टांगलेले होते, भिंतीशी अर्ध्या घडलेल्या दांड्या उभ्या होत्या आणि जमिनीवर बसून दोघे जण कानसीने लाकूड घासत होते. पॉलिशचा आणि लाकडाच्या भुशाचा मिसळलेला वास लहानपणी आजोबांबरोबर आले होते तेव्हाही असाच होता. दुकानातल्या वृद्ध कारागिरांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी तंबोऱ्याची खोळ काढली, भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी टकटक केले, मग कान दांडीजवळ नेऊन एकेक तार छेडली. घोडीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. तरी ते म्हणाले, “ताई, भोपळा चांगला आहे, तबली पण चांगली आहे. घोडी कुणीतरी मारलीय.” तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी.

‘घोडी मारणे’ हा शब्दप्रयोग मी प्रथमच ऐकला आणि त्याचा अर्थ त्यांनी पुढचा अर्धा तास मला हाताने दाखवून समजावला. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात, ती घोडी दिसायला सपाट असली, तरी प्रत्यक्षात तिला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार कंप पावू लागली की ती या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते, आणि त्या टेकण्यातून मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अनेक सहस्वर उमलतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये जो सुती दोरा सरकवतात, त्याने ही टेकण्याची जागा केसभर मागेपुढे करता येते व योग्य जागी दोरा आला की तार एकाएकी मोकळी होऊन गुंजू लागते. हीच जवारी. वर्षानुवर्षे वाजवून तारा घोडीत बारीक चर पाडतात, मग तार त्या चरात अडकते आणि आवाज कोंडतो. अशा वेळी घोडी पुन्हा घासून तिचा उतार नव्याने बसवावा लागतो. किती घासायचे याचे माप कुठल्याही पट्टीवर नसते. दोनदा कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची, पुन्हा एकदा कानस फिरवायची, असे ते काम चालते, आणि एखादा हात जास्त फिरला तर घोडीच बदलावी लागते. आमच्या तंबोऱ्याचे तेच झाले होते.

चारही तारांची जवारी एकमेकींशी जुळावी लागते, ही गोष्ट तर मला इतकी वर्षे तंबोरा जवळ असूनही ठाऊक नव्हती. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, शेवटची पितळेची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. एकीचा आवाज उघडा आणि दुसरीचा बंद असला, तर स्वर बरोबर लागूनही तंबोरा गायकाला आधार देत नाही. चौघी सारख्या बोलू लागल्या की खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. चाचांच्या लेखी काम संपल्याची खूण तीच. “गंधार ऐकू आला की पैसे द्या,” असे त्यांनी मला सांगितले, आणि ते खरोखर त्याच अर्थाने सांगितले.

नवी घोडी बसवायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मी तीन वेळा गल्लीत जाऊन बसले. तंबोऱ्याचा जन्म शेतात होतो, हे तेथे बसल्यावर कळते. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. चांगला घेर, जाड साल आणि दोन्ही बाजूंनी सारखा गोलावा असलेले भोपळे निवडून घेतात व पूर्ण वाळू देतात. मग ते पाण्यात भिजवून मऊ करायचे, वरचा भाग कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि तोंड आक्रसू नये म्हणून आत काठ्यांचा आधार देऊन पुन्हा सुकवायचे. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची असते. तबली किती पातळ करायची, हाही पुन्हा कानाचाच प्रश्न. ज्या हंगामात अवकाळी पावसाने भोपळ्याचे पीक नासते, त्याची झळ या गल्लीला पुढचे वर्षभर लागते, ही गोष्ट मैफलीत बसून आपल्या मनातही येत नाही.

ही कला मिरजेत आली त्याची हकीकत गल्लीतला प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. आजच्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी आणि भाल्यांना धार लावणे हा त्यांचा व्यवसाय. संस्थानांची लढाईची गरज संपल्यावर तो धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या कारागिराने पटवर्धनांच्या मिरज संस्थानात वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि त्यातून नवी वाद्ये घडवायला सुरुवात केली. धातूला धार लावणारी बोटे लाकडातला स्वर शोधू लागली, ही घटना मला या गावाच्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना वाटते. त्या काळी गावात गिऱ्हाईकही तयार होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवत होते. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी गेल्यामुळे कुरुंदवाडहून उपचारासाठी आलेले विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच त्यांचे शिष्य झाले आणि १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडलेल्या त्याच पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०५ मध्ये बालगंधर्व शकुंतलेच्या वेशात प्रथम रंगभूमीवर उभे राहिले तेही मिरजेतच.

तरीही मिरजेच्या संगीताचे खरे पीठ कोणते, असे विचारले तर माझे बोट दर्ग्याकडे जाते. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मीरासाहेबांवर नितांत श्रद्धा होती आणि त्यांनी मिरजेलाच आपले घर मानले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात, पाँडिचेरीकडे जात असताना त्यांना रेल्वेत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमालकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात ईश्वराला आळवले आणि तेथेच देह ठेवला, असे सांगतात. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसात त्याच आवारात, झाडाखाली, त्यांच्या स्मृतीची संगीत सभा भरते. उरुसाची तिथी चांद्र वर्षाने ठरत असल्यामुळे कधी ही सभा कडाक्याच्या थंडीत येते, तर कधी उन्हाळ्याच्या तोंडावर. उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढतो, बाहेर खेळण्यांची आणि खाजा-मिठाईची दुकाने लागतात, आणि आत खाँसाहेबांच्या कबरीपासून थोड्या अंतरावर कुणीतरी तरुण गायक ख्याल आळवत असतो. येथे गाणारा बिदागी पाहून येत नाही. हजेरी लावायला येतो, आणि त्या एका शब्दात या सभेचा सगळा भाव आला. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल हा सारा परिवार या जागेशी बांधलेला आहे.

लहानपणी मी या सभेत आत्याच्या मांडीवर झोपून गेले होते आणि पहाटे जाग आली तेव्हा फक्त तंबोरे वाजत होते, गायक पाणी प्यायला थांबला होता. संगीताची माझी पहिली आठवण ती आहे. गाण्याची एकही ओळ मला आठवत नाही.

गावात इतरही घडामोडी असतात. गणेशोत्सवात विसर्जन मार्गावर उभ्या राहणाऱ्या भव्य स्वागत कमानी रंगवणाऱ्या चित्रकारांवर कुणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे, इतके त्यांचे काम मोठे आहे. शेजारच्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले, त्यामुळे ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आणि त्या दिवशी दिले जाणारे विष्णुदास भावे गौरव पदक हा सांगलीचा मान. सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महापालिका १९९८ पासून आहे, पण सांगलीकर अजून नाटकाचे बोलतात आणि मिरजकर गाण्याचे.

२०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत पेढे वाटले गेले तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला, कारण दुसरीकडे घडलेल्या वाद्यावर मिरजेचे नाव लावून ते विकण्याला आता आडकाठी येईल. मानांकनाने नाव राखले जाते. जवारी काढणारा कान मात्र रोज काम मिळाल्यानेच तयार राहतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि आता मोबाइलमधले तानपुऱ्याचे अ‍ॅप आल्यापासून घरोघरचे तंबोरे कपाटावर गेले आणि दुरुस्तीचे काम आटले. प्रवासात, किंवा दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते यंत्र उपयोगी आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या घरात तंबोरा आहे त्याने तो न लावता यंत्राची कळ दाबावी, याचे मला वाईट वाटते. चाचांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नातवाला कानस उत्तम धरता येते, पण जवारी शिकायला शंभर घोड्या हाताखालून जाव्या लागतात आणि वर्षभरात तेवढ्या येत नाहीत, असे चाचा म्हणाले. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. आकडा सांगावा तसे सांगितले. त्या दिवशी मी तिथूनच ओळखीच्या चार घरी फोन केले आणि त्यांतल्या दोन घरांतून तंबोरे गल्लीत आले.

आमचा तंबोरा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तयार झाला. चाचांनी चारही तारा लावल्या, दोरा सरकवला आणि तंबोरा माझ्या हाती दिला. मी छेडू लागले. पंचम, जोड, जोड, खर्ज. पाच-सात आवर्तने झाल्यावर भोपळ्याच्या पोटातून गंधार वर आला आणि दुकानातल्या दोन्ही कानशी थांबल्या. चाचांनी मान हलवली. खोळ घालताना त्यांनी बजावले की, उन्हात आणि ओलीच्या भिंतीशी ठेवायचा नाही, वाजवून झाल्यावर तारा थोड्या उतरवायच्या, आणि महिनाभर रोज अर्धा तास तरी वाजवायचा, कारण नवी घोडी वाजवल्यानेच बसते.

पहिल्या माळेच्या संध्याकाळी, देवळात महोत्सवाला निघण्याआधी, मी तो आत्यापुढे ठेवला. तिने खुर्चीतच बसून तो खांद्याला टेकवला, डोळे मिटले आणि बराच वेळ नुसता छेडत राहिली. मग खर्जाच्या तारेचा मणी नखाने किंचित खाली सरकवला, पुन्हा ऐकले, आणि मला म्हणाली, “आता तू जा. मी येत नाही आज. मला हे ऐकू दे.”