कुटुंबासाठी जुनी फोर बाय फोर: आधी चासी, मग इंजिन, हौस सगळ्यात शेवटी

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी गाडी, घ्यायची ठरली की नजर हमखास 'तयार' गाडीवर जाते. उंच केलेली, मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची रांग. अशी गाडी घेऊ नका. तिच्यावर कुणी कुठे वेल्डिंग केलंय, वायरिंगला किती ठिकाणी जोड आहेत, उंच करताना ब्रेकचे होज लांब केले की तसेच ताणून सोडले, हे बाहेरून दिसत नाही. कंपनीतून निघाली तशी असलेली, पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबलेली, सीटचं कव्हर फाटलेली गाडी शंभर पटींनी बरी. पाटे नवे मिळतात. वाकलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) सरळ करून मिळाली तरी तिच्यावर मुलांना बसवून दरीच्या कडेने जायला मन घेत नाही.

म्हणून पाहणी चासीपासून सुरू करायची. गाडी धुतलेली नको, तशीच पाहायला मागा. जाड टॉर्च, छोटा हातोडा आणि पेचकस घेऊन खाली झोपा. चासीचे गर्डर आतून पोकळ असतात. चिखल आत साचतो, ओल धरतो आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरचा रंग शाबूत असूनही पत्रा कागदासारखा झालेला असू शकतो. हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. मागच्या एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वरची कमान, पाट्यांचे मागचे हँगर, बॉडी माउंट (बॉडी चासीवर बसते त्या जागा) आणि पुढच्या चाकामागचा भाग ही गंजाची ठरलेली ठिकाणं. पुढे स्टीअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो तिथे केसासारख्या बारीक भेगा शोधा. मोठे टायर लावून दगडांत फिरवलेल्या गाडीला त्या तिथेच पडतात. खालून ताजा काळा कोट मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय हे कळल्याशिवाय पुढे बोलू नका. चासी नंबर कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी ओळखायला मॅट उचला. सीटच्या रुळांवरचा गंज, बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर दिसणारी चिखलाची रेघ आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवरची हिरवट बुरशी, यातलं काही लपवणं सोपं नसतं.

आता फोर व्हील खरंच चालतं का. बऱ्याच जुन्या गाड्यांत पार्ट-टाइम व्यवस्था असते, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच) नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि हा फरक मातीत टायर घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, सगळी ओढ गिअरांत साठते. म्हणून चाचणी मातीत किंवा खडीवरच करा. फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळली, पुढचे टायर माती ओरबाडू लागले तर पुढचा एक्सल जोडला गेलाय. टू व्हीलसारखीच अलगद वळली तर हब (पुढचं चाक शाफ्टला जोडणारा भाग), व्हॅक्यूमची नळी किंवा लिव्हरची जोडणी यांपैकी काहीतरी मेलेलं आहे. वर्षानुवर्षं न हलवलेला लिव्हर जाम झालेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते दुरुस्त होतं. नंतर गाडी पूर्ण थांबवून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग-जास्त जोर) टाका, पहिल्या गिअरमध्ये उतारावर सोडा आणि पाय तिन्ही पेडलवरून काढा. इंजिनच्या रोधावर उतरताना लिव्हर आपणहून सुटून आला तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) फोर्क झिजलाय किंवा तिची रबरी माउंटिंग दबलीत. असा लिव्हर खऱ्या घाटात सुटला तर गाडीला इंजिनचा आधारच उरत नाही, म्हणून माउंटिंगचा दोष असेल तरच सौदा पुढे न्या.

लो रेशोचा हिशेब आधीच करून ठेवावा. पहिला गिअर ३.८, ट्रान्सफरचा लो २.५ आणि डिफरन्शियल ४.१ असेल तर गुणाकार जवळपास ३९ येतो, म्हणजे इंजिनच्या ३९ फेऱ्यांना चाकाची एक. इंजिन ८०० आरपीएमवर आयडल असताना ३० इंची टायरवर ही गाडी ताशी सुमारे ३ किलोमीटरने चालते, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू. कुटुंबाला घेऊन खडकाळ वाटेवर जायला एवढं पुरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा ट्रान्सफरचा लो रेशो अवघा १.९७ होता. जीप रँग्लर रुबिकॉनचा ४ आहे, पण तो निव्वळ खडक चढण्यासाठी आहे. आकड्याच्या मोहात पडण्यापेक्षा गिअर शाबूत आहेत का हे पाहा.

पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली, म्हणजे १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा). ९ आणि ३ च्या जागी खेळ असेल तर टाय रॉड एंडकडे (स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याकडे) बघा. पूर्ण वळवून चालवताना कटकट आवाज येत असेल तर पुढचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) संपलाय. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या चौफुली सांध्यात) ढिलाई आहे का तेही पाहा.

डिफरन्शियलचा वरचा, भरायचा नट सोडून बोट आत घाला. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. करडी मऊ पेस्ट चालते, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. (पुढे स्वतः तेल बदलाल तेव्हाही आधी वरचा नट सोडा, मग खालचा. खालून तेल काढलं आणि वरचा नट गंजून सुटेना, तर गाडी जागेवरच अडकते.)

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. आधी रेडिएटरला हात लावून पाहा, तुम्ही येण्यापूर्वी गरम केलेली गाडी संशयास्पद. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलंय. चालू इंजिनचं तेलाचं झाकण उघडून उलटं ठेवा. झाकण उडत असेल, भसाभस वाफारा येत असेल तर रिंग-पिस्टन थकलेत. शक्य असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा, तो १० टक्क्यांच्या आत असायला हवा. शेवटी लांब चढावर खालच्या गिअरमध्ये एसी लावून चालवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. ट्रेलवर गाडी हळू चालते, समोरून वारा मिळत नाही, तेव्हा सगळा भार पंख्यावर येतो. सपाट रस्त्यावर शहाणी वाटणारी गाडी तिथे तापते.

मागच्या सीटबद्दल मात्र तडजोड नको. समोरासमोर बसायची बाकडी असतील तर मुलांना त्यांवर नेऊ नका. आडव्या बसलेल्या मुलाला बेल्ट नीट धरत नाही आणि चाइल्ड सीटही तिथे बसत नाही. पुढे तोंड असलेली सीट, प्रत्येक जागेला तीन टोकांचा बेल्ट आणि हेडरेस्ट हवा. हे नसेल तर मूळ कंपनीची सीट आणि चासीपर्यंत मजबूत केलेले अँकर मिळतात का ते आधी शोधा. पातळ पत्र्याला बोल्ट मारून बसवलेला बेल्ट धडकेत पत्र्यासकट उपटून येतो. सामान आणि सीट यांच्यामध्ये जाळी किंवा पार्टिशन हवं, कारण २० किलोचा पाण्याचा कॅन धडकेत मुलांच्या डोक्यावर येतो.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे जवळपास कुणीच पाहत नाही. चौकोनी पाठीची गाडी चालताना तिच्या मागे कमी दाबाचा पोकळ भाग तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर त्यात घोटाळत राहतो. मागच्या दाराचं रबर चिरलेलं असेल तर तो आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि सगळ्यात मागे मुलं बसलेली असतात. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर बदला. एक्झॉस्टच्या जोडांना काजळी दिसली तर पॅकिंग बदला. बॅटरीवर चालणारा छोटा सीओ अलार्म मागच्या भागात कायमचा ठेवा.

गाडी घेतली, आता वजनाचा हिशेब. समजा गाडीचं कमाल मान्य वजन २४०० किलो आणि रिकामं वजन १८५० किलो. हातात उरले ५५०. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून २२० धरा, राहिले ३३०. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) मिळून ८०. टपावरचं कॅरिअर आणि तंबू ९५. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. जादा डिझेलचा २० लिटरचा कॅन भरून २१. दुसरी बॅटरी २२, हत्यारं आणि ओढायचं सामान ३५, कपडे-अंथरूण-स्वयंपाक ७०. बेरीज ३६३. एकही चैनीची वस्तू न घेता गाडी ३३ किलोंनी मर्यादेबाहेर गेली. ब्रेक, एक्सल, बेअरिंग सगळं मूळ मर्यादेसाठी बनलेलं असतं, पाटे जाड केले म्हणून ती मर्यादा वाढत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षी बंपर, विंच आणि टपावरचा तंबू तिन्ही रद्द करावेत. टपाची चालत्या गाडीतली क्षमता कॅरिअरच्या वजनासकट मोजतात, आणि वरचं वजन आडव्या उतारावर गाडी कलंडायला सगळ्यात जास्त मदत करतं. सगळं भरून, सगळ्यांना बसवून एकदा वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजा.

पैसे आधी जिथे जायला हवेत ते काम दिसत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल, सगळी तेलं बदला. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर तेल लागतं, पण पितळी सिंक्रो (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला अनेकदा जीएल-४ च सांगितलेलं असतं, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. मॅन्युअल बघूनच भरा. टायमिंग बेल्टचा लेखी पुरावा नसेल तर टेन्शनर आणि वॉटर पंपासकट बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओल धरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं ते याचमुळे. क्रॉसला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. शाफ्टच्या सरकत्या जोडाला मात्र तो ताणला जाऊ लागताच थांबा.

एक्सलचे ब्रीदर (हवा आत-बाहेर करणारी छोटी तोंडं) विसरू नका. तापलेला डिफरन्शियल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर ती सीलमधून पाणी आत ओढते. तेल दुधाळ होतं ते असं. तेलाला टिकणारी नळी लावून ब्रीदर बॉनेटखाली उंच नेऊन बांधा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

टायर एटी (ऑल-टेरेन, रस्ता आणि माती दोन्हींसाठीच्या) नक्षीचे, मूळ मापाचे किंवा फार तर एक माप मोठे. २८ इंचांवरून ३० वर गेलात की ४.१ चा डिफरन्शियल प्रत्यक्षात ३.८३ सारखा वागतो, गाडी चढावर दमते आणि स्पीडोमीटर सुमारे ७ टक्के कमी वेग दाखवतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षं झालेला टायर काढून टाकावा. स्टेपनीही त्याच मापाची हवी, नाहीतर फोर व्हीलमध्ये पुन्हा तीच गिअर पिळली जाण्याची भानगड. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असेल तर खडीवर २५-२८, खडकांत १८-२०, वाळूत १५-१८ करून पाहा. १५ च्या खाली टायर रिममधून निसटू शकतो. कमी हवेवर वेग कमीच ठेवा, टायर आतून तापतो. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढा करंट झेपवत नाही.

उंची वाढवायची तर ४० ते ५० मिलिमीटर, त्यापुढे नाही. त्याहून वर गेलं की कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा कल) बिघडून स्टीअरिंग भरकटतं, शाफ्टचे कोन वाढून क्रॉस लवकर जातात. स्प्रिंग निवडताना नेहमीचं भरलेलं वजन सांगा. रिकाम्या गाडीला जड स्प्रिंग लावली तर मागे बसलेली मुलं दिवसभर उसळत राहतात, त्यांना उलट्या होतात.

अडकल्यावर काढायचं सामान मात्र पहिल्याच फेरीला हवं: फावडं, ट्रॅक्शन बोर्डांची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची) जोडी, गाडीच्या कमाल वजनाच्या दुप्पट ते तिप्पट ताकदीचा कायनेटिक (ताणून झटका शोषणारा) दोर, ४.७५ टनांच्या दोन शॅकल (दोर जोडायच्या कड्या), आणि चासीला उच्च ताकदीच्या बोल्टने बसवलेले पुढचे-मागचे हुक. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवायचा नाही. झटक्याने तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, यात माणसं दगावली आहेत. ओढताना मुलं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब आणि बाजूला, दोराच्या रेषेत कुणीही नाही. एक-दोन किलोचा पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताला येईल असा बसवा.

पहिली फेरी एका दिवसाची, घरापासून जवळची, दुसऱ्या गाडीसोबत. चाकांचे नट काढून बसवले असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळा, पाट्यांचे यू-बोल्ट ५०० नंतर. घरी आल्यावर गाडी धुण्याआधी खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर उभी ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे आणि कोणत्या रंगाचा डाग पडलाय त्यावरून पुढचं काम ठरतं.