आमची वाटचाल : नव्या चेसिसकडून जुन्या बॉडीकडे

नागपुरात अमरावती रोडवर वाडीत आमचं बॉडी बिल्डिंगचं शेड आहे. काम सगळं पिकअपचं. नुसती कॅब-चेसिस, म्हणजे केबिन आणि खालचा सांगाडा, आली तर पूर्ण लोड बॉडी, कंपनीची बॉडी असेल तर तिच्यावर उंच जाळी, हूड, कंटेनर, शिवाय पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि फाळके (बॉडीच्या उघडणाऱ्या बाजू) यांची दुरुस्ती. टाटांची एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ च्या मे महिन्यात बाजारात आली, आणि पुढच्याच वर्षी आम्ही पहिली जाळी वेल्ड केली. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टन माल, सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. कॉटन मार्केटचा भाजीवाला आणि इतवारीतला किराण्याचा ठोक व्यापारी, दोघांना ती परवडली. मग बोलेरो पिकअपचा जोर वाढला, २०११ ला अशोक लेलँडची दोस्त आली, २०१६ ला मारुतीची सुपर कॅरी. त्या काळात शेडमधली गाडी बहुतेक नंबर न पडलेलीच असायची.

आता आठ-नऊ वर्षं चाललेल्या गाड्या जास्त येतात. मालकाचं म्हणणं एकच असतं, ‘भाऊ, अजून तीन वर्षं चालली पाहिजे.’ देशाचा आकडाही फार वेगळं सांगत नाही. २०२४-२५ मध्ये व्यावसायिक वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा थोडी घटून साधारण ९.५७ लाखांवर आली. शेडमध्ये उभं राहून बघितलं तर गाडीची गरज कुठेच संपलेली दिसत नाही. नव्या गाडीला महिन्यात जितके भरलेले दिवस लागतात, तितके दिवस माल मिळत नाही, अडचण तिथे आहे.

हे कागदावर मांडू. दीड-पावणेदोन टनी पिकअपसाठी ८ लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के. पाच वर्षांना हप्ता साधारण १७,४०० रुपये, चार वर्षांना २०,७००. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात ७,५०० किलो वजनापर्यंत वर्षाला १६,०४९ रुपये आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा धरला की वर्षाचे ३०,००० होतात, म्हणजे महिन्याला २,५००. ड्रायव्हरचे १४,००० धरा. गाडी जागची न हलता ३३,९०० रुपये लागले.

आता एक फेरी. काटोलहून संत्रा भरून कळमन्याच्या बाजारात, येणं-जाणं आणि बागेतला रस्ता मिळून १३० किलोमीटर. भरलेली-रिकामी मिळून लिटरला साडेअकराची सरासरी धरली तर सव्वाअकरा लिटर, नव्वदीच्या घरातल्या डिझेलने हजाराच्या थोडं वर. टायर, ऑइल, ग्रीसिंगला किलोमीटरमागे दीड रुपया, म्हणजे २००. वाटखर्च १५०. भाडं २,६०० मिळालं तर हातात १,२२० उरतात. ३३,९०० भागिले १,२२०, म्हणजे महिन्यात २८ दिवस गाडी भरलेली हवी. मालक स्वतः चालवत असेल तर १७ दिवसांत खर्च निघतो आणि अठराव्या दिवसापासून त्याची मजुरी सुरू होते. तुमचं भाडं आणि सरासरी वेगळी असेल तर ते आकडे घाला, पण भागाकार केल्याशिवाय शोरूममध्ये पाय ठेवू नका.

नागपुरात माल हंगामी आहे. सोयाबीन आणि आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबरपासून, त्याला लागून कापूस, मग फेब्रुवारी-मार्चला मृग बहार. उन्हाळ्यात लग्नाचं आणि बांधकामाचं सामान. जून लागला की पोळा-मारबत होईपर्यंत ओढाताण. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून वरुड-काटोल भागातल्या मालाची उचलही पूर्वीसारखी राहिली नाही. हप्ता मात्र बारा महिने चालूच. ज्या घरात गेल्या पावसाळ्यात दोन हप्ते थकले, त्या घरातला भाऊ किंवा मेहुणा यंदा नवी गाडी घेत नाही. आमच्याकडची नवी कामं सर्वात जास्त इथेच कमी झाली, कारण पिकअपचं गिऱ्हाईक जाहिरातीपेक्षा नातेवाइकाच्या हिशेबावर विश्वास ठेवतं.

किमतीबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ९ लाखांची गाडी त्यामुळे ८.३० लाखांवर येते, ७० हजार सरळ वाचतात. थांबलेलं गिऱ्हाईक दसरा-दिवाळीला त्यामुळेच हललं. पण त्याआधी, जुलै २०२५ पासून, महाराष्ट्रात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ७ टक्के एकरकमी वाहन कर सक्तीचा झाला. पूर्वी दरवर्षी काही हजार भरून भागायचं. आता ८.३० लाखांवर ५८ हजार रुपये पासिंगच्या आधीच मोजायचे, आणि हे पैसे बहुतेक वेळा कर्जात बसत नाहीत, खिशातून जातात. दुसरं असं की जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला गाडीवरचा कर आधीही वळता करून मिळत होता. दरकपातीचा खरा फायदा नोंदणी नसलेल्या चालक-मालकाला आहे, आणि रोख रकमेची चणचण त्यालाच सर्वात जास्त.

नवी गाडी कमी घेतली जाण्याचं तिसरं कारण इंजिनच्या खाली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम, आला. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला धुराचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं एका दमात पळावी लागते. कळमना ते गांधीबाग, गांधीबाग ते धरमपेठ, मध्ये दहा ठिकाणी उभी, अशा फेऱ्यांत ती कधी तापतच नाही. दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो, गाडीची ताकद कमी होते, मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून काजळी जाळावी लागते. अर्धा-पाऊण तास तेवढंच काम, आणि तो दिवस भाड्याचा गेला.

काही इंजिनांत गाळणी तापवायला जादा डिझेल फवारलं जातं. जाळण्याचं चक्र अर्ध्यात तुटत राहिलं की त्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून सकाळी थंड इंजिनची डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातात. ऑइलही कमी राखेचं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच हवं. गल्लीतल्या डब्यातलं स्वस्त ऑइल जळून जी राख उरते ती गाळणीत बसते, कशानेही जळत नाही. दिवा लागला तर संध्याकाळी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत न थांबता जाऊन या, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आणि म्हणूनच २०१७ ते २०२० मधल्या बीएस ४ गाडीला इतकी मागणी आहे. खेड्यातला मिस्त्रीही ती उघडतो. ४ लाखांचं कर्ज १५ टक्क्यांनी तीन वर्षांना घेतलं तरी हप्ता १३,९०० च्या आत बसतो. व्याज जास्त, तरी महिन्याचे साडेतीन हजार वाचतात, म्हणजे वरच्या हिशेबाने जवळजवळ तीन भरलेले दिवस.

पुण्याकडे सीएनजी पिकअपने बाजार सावरला, मग इथे का नाही, असं लोक विचारतात. मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपये झाला होता, तेव्हा देशात सर्वात महाग. पाइपलाइन नव्हती, गुजरातहून टँकरने द्रवरूप गॅस आणून इथे त्याचा सीएनजी व्हायचा. ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. शिवाय सिलिंडरचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं.

गल्लीतलं काम विजेच्या तीनचाकीने उचललं, आणि ते योग्यच झालं असं आमचं मत आहे. पाचशे-साडेपाचशे किलो माल, दिवसाला ७०-८० किलोमीटर, आठ-नऊ युनिट वीज. युनिटला ९ रुपये धरले तरी ८० रुपयांत दिवस निघतो. तेवढ्याच अंतराला छोट्या डिझेल गाडीला चारशेचं डिझेल लागतं. विजेच्या मालवाहू गाडीला परमिटची अटही २०१८ मध्येच काढली. इतवारीच्या बोळांत अर्धा टन पोचवायला आता कोणी डिझेलची चारचाकी घेत नाही.

वरच्या बाजूने नऊफुटी पिकअपचं काम मोठ्या पिकअपने खाल्लं. याचं मोजमाप आम्ही रोज करतो. संत्र्याचा प्लास्टिक क्रेट ५४० बाय ३६० मिलिमीटरचा, भरलेला २० किलो धरा. बॉडी आतून १,७०० रुंद आणि २,७०० लांब असेल, म्हणजे नऊ फुटी, तर आडवे तीन आणि लांबीत सात, थराला २१ क्रेट. चार थर म्हणजे ८४ क्रेट, १,६८० किलो. बोलेरो मॅक्सच्या दोन टनी गाडीची बॉडी ३,०५० मिलिमीटर. तिच्यात लांबीत आठ बसतात, थराला २४, चार थरांचे ९६ क्रेट, १,९२० किलो. ८४ गुणिले ८ आणि ९६ गुणिले ७, दोन्ही ६७२. म्हणजे आठ नऊफुटी गाड्यांचा माल सात दहाफुटी गाड्या उचलतात, ड्रायव्हर आणि विमे सातच. ठेकेदाराने हा हिशेब केला की आठवी गाडी विकलीच जात नाही.

ज्यांना ही मोठी गाडी परवडत नाही ते आमच्याकडे पाटा वाढवायला येतात. ते काम आम्ही बंद केलं आहे. जादा पाटा घातला की मागची बाजू उंच दिसते, पण ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. अडीच टन भरून उमरेड रोडच्या खड्ड्यात गेली की मागच्या चाकाचं बेअरिंग ओरडायला लागतं, नाहीतर कॅबच्या मागे चेसिसला केसाएवढी चीर पडते. चीर रंगाखाली लपते. तिथे गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली तर गाडी लगेच रिकामी करा.

जुनी गाडी घेतलीच तर बॉडीचं काम कसं करतो ते सांगतो, कारण आता आमचं पोट त्याच्यावर आहे. आधी बॉडी चेसिसला आवळणारे यू-बोल्ट काढून बॉडी पूर्ण उतरवतो. न उतरवता पत्रा बदलून देणारे आहेत, त्यात चेसिसचा वरचा पट्टा कधी दिसतच नाही, आणि गंज तिथेच असतो. हातोडीने क्रॉस मेंबरच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या, सांध्यांवर ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत हवा, बद्द आला तर पत्रा आतून खाल्लेला आहे. तारेचा ब्रश, रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. फ्लोअरला ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट वापरली तर नऊ फुटी बॉडीत नुसत्या तळाचं वजन ११५ किलोच्या आसपास जातं. क्रेट आणि भाजी वाहणाऱ्याला २ मिलिमीटरचा साधा पत्रा आणि खाली चॅनेल जवळ-जवळ, एवढं पुरतं, ४० किलो वाचतात. वाचलेले ४० किलो म्हणजे दर फेरीला दोन क्रेट. विटा-लोखंड वाहणाऱ्याला मात्र ३ मिलिमीटरच हवी. भाजीच्या गाडीला चारही कोपऱ्यांत १२ मिलिमीटरची भोकं पाडतो. पाणी साचून तळ सडतो तो कोपऱ्यातूनच.

चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ८ ते १० मिलिमीटर रबराची पट्टी. चेसिसला वेल्डिंग अजिबात नाही, फक्त यू-बोल्ट, आणि ५०० किलोमीटरनंतर ते परत आवळायला गाडी आणायचीच. दहात दोनच जण येतात, आणि ढिल्या यू-बोल्टने बॉडी सरकून फाळक्याच्या बिजागऱ्या तुटतात. बीएस ६ गाडी असेल तर वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावणं, हे आमच्या प्रत्येक कारागिराला पहिल्या दिवशी शिकवतो. चुकलं तर ईसीयू (इंजिनचा संगणक) किंवा सेन्सर जातो आणि बॉडीच्या मजुरीपेक्षा तो भाग महाग पडतो.

शेवटी रिफ्लेक्टर टेप: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. आठ वर्षांपर्यंत गाडीचा फिटनेस दाखला दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी. बॉडीचं काम फिटनेसच्या तारखेआधी पंधरा दिवस तरी आणा, वाळायच्या आत टेप लावली की पहिल्या पावसात सुटते.

नव्या कामांत सध्या विजेच्या चारचाकीचे कंटेनर आहेत. तिथे बॅटरी चेसिसच्या पट्ट्यांमध्येच बसते, त्यामुळे ड्रिल करायचं नाही, कंपनीने दिलेल्या भोकांतच ब्रॅकेट बसवायचे. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि हलकी पॅनेल वापरून वजन किती खाली येतं, हे आम्ही एकेक कंटेनर काट्यावर चढवून लिहून ठेवतो आहोत. ज्यांना असा कंटेनर करून घ्यायचा आहे त्यांनी येताना आपल्या क्रेटचं किंवा खोक्याचं माप आणि गेल्या बारा महिन्यांतल्या फेऱ्यांची वही सोबत आणावी.