पासपोर्टवर बेळगाव, मतदान लीड्सला

बेळगावजवळच्या आमच्या गावी, येळ्ळूरला येऊन नऊ दिवस झाले. सुगी चालू आहे, सकाळी उठलं की राजहंसगड धुक्यात असतो, अंगणात भात वाळत घातलेलं, आणि मी माडीवर लॅपटॉप घेऊन ब्रिटिश नागरिकत्वाचा फॉर्म उघडून बसलेय. आई दोनदा येऊन बघून गेली. "काय करालीस गं एवढं?" सांगितलं तसं म्हणाली, "मग हितलं मत जातंय काय तुझं?"

पहिला प्रश्न हाच. घराचं नाही, पैशाचं नाही, मताचं.

आमच्या घरात दुसरं काय विचारणार म्हणा. आज्जा जन्मला तेव्हा हा मुंबई इलाखा होता, 1 नोव्हेंबर 1956 ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि आज्जाचं घर, शेत, विहीर सगळं होतं तिथंच. माझ्या लहानपणी 1 नोव्हेंबर म्हणजे आप्पा दंडाला काळी फीत बांधून बेळगावला सायकल फेरीला जाणार, त्याच दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची मिरवणूक आणि माझी कन्नड मैत्रीण लाल-पिवळी ओढणी घेऊन तिकडं, आणि शाळा उघडली की आम्ही दोघी परत एका बाकावर. आप्पा यंदाही गेले होते. हा मराठी सीमाभाग महाराष्ट्राला मिळावा म्हणून सुप्रीम कोर्टात 2004 पासून महाराष्ट्राचा दावा आहे, त्यांना अजून वाटतं निकाल बघूनच जाईन.

मी 2019 च्या जानेवारीत नर्स म्हणून इंग्लंडमध्ये लीड्सला गेले. पहिली चार वर्षं मी तिथं फक्त ड्युटी केली असं म्हटलं तरी चालेल, त्यात कोविडची दोन, त्याबद्दल आत्ता लिहवत नाही. दारात मतदार नोंदणीचं पत्र यायचं, ते मी ड्रॉवरमध्ये टाकायची, वाटायचं आधीच्या भाडेकरूचं असेल, आपण व्हिसावरची माणसं, उगाच हात लावला आणि काही झालं तर! शेवटी वॉर्डातल्या एका नायजेरियन सिस्टरनं सांगितलं की अगं तुला मत आहे. मला खरंच वाटेना. तर नियम असा आहे की कॉमनवेल्थच्या, म्हणजे भारत ज्यात आहे त्या राष्ट्रकुलाच्या, 56 देशांपैकी कुठल्याही देशाचा माणूस तिथं कायदेशीर राहत असेल तर तो मतदार होऊ शकतो, नगरपालिकेला पण आणि संसदेला पण, नागरिक नसला तरी. माझी शेजारीण पोलंडची आहे, माझ्या कितीतरी आधी आलेली, पण तिला संसदेला मत नाही आणि मला आहे. यात न्याय किती आणि जुन्या साम्राज्याचा हिशोब किती हे मला ठरवता येत नाही, तिच्याशी बोलताना मात्र ते मनात येतं.

4 मे 2023 ला पहिल्यांदा मत द्यायला गेले. ओळखपत्र दाखवायचा नियम त्याच वर्षी सुरू झालेला, मी भारतीय पासपोर्ट पुढं केला, टेबलामागच्या आजीबाईंनी फोटो बघितला, यादीत माझ्या नावावर रेघ मारली आणि कागद दिला. जन्मगाव बेळगाव छापलेला पासपोर्ट, आणि त्यावर मला लीड्सचा नगरसेवक निवडायचा होता. मशीन नाही, शाई नाही, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल आणि फुली. हात थरथरत होता. सहा दिवसांनी, 10 मे ला, कर्नाटक विधानसभेचं मतदान, आईनं शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला, तो बघून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पण मत दिलं म्हणून मी तिथली झाले असं नाही झालं. ते झालं एका अर्जामुळं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्राथमिक शाळा आहे, तिथं पोरांना रस्ता ओलांडायला क्रॉसिंग पाहिजे असं सगळे फाटकापाशी उभं राहून बोलायचे. मी घरी येऊन लिहायला बसले, आणि लिहिताना कळलं की हे मला येतं! आप्पांचं अर्धं आयुष्य अर्ज लिहिण्यात गेलं. मराठीत परिपत्रक द्या, उतारा मराठीत द्या, बसवर मराठी पाटी लावा. जिथं एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती 15 टक्के आहे तिथं कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत हे तत्त्व ते तोंडपाठ म्हणायचे, एका ऑफिसात त्यांना तीन वेळा परत पाठवलं तरी चौथ्यांदा गेले, आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे तेव्हा सांगायचे, "अर्ज दिलास की पोच घे. पोच नसली तर अर्ज दिलाच नाही समज."

मी लीड्सला ईमेल केला आणि रेफरन्स नंबर मागितला. मग वॉर्डाच्या मीटिंगला गेले, बोलायला तीन मिनिटं दिली, इंग्रजी अडखळलं, पण किती वाजता किती पोरं ओलांडतात हे मी आठवडाभर उभं राहून मोजलेलं होतं. मोजायला बरोबर कोण होतं? तीच पोलंडची शेजारीण. पुढं वाहनं मोजायला माणसं आली. आता गल्लीत मला नावानं हाक मारतात, आणि कुणाला कसलं पत्र लिहायचं असलं की माझी बेल वाजते.

म्हणून फॉर्म उघडलाय. चोवीस प्रश्नांची परीक्षा पास झाले, अठरा बरोबर लागतात. अडतंय ते एवढंच की भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिथली शपथ घेतली की हा पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) मिळतं, त्यावर येता-जाता येतं, शेत वारशानं येऊ शकतं, विकत घेता येत नाही, आणि मत नाही.

आप्पांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते भात पालथं करत होते, हात न थांबवता विचारलं, "आत्ता तुझं नाव हितल्या यादीत हाय काय?" नाही. परदेशातल्या भारतीयाला फॉर्म 6ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या यादीत नाव लावता येतं, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं. मी तो कधी भरलाच नव्हता. क्रॉसिंगसाठी आठवडाभर रस्त्यावर उभी राहिले, आणि हा एक फॉर्म सहा वर्षांत भरला नाही, हे मला त्यांच्यासमोर बोलताना फार लागलं.

"मग आधी त्ये भर की," ते म्हणाले.

तर लीड्सचा फॉर्म सेव्ह करून ठेवलाय. 2028 ला विधानसभा आहे, तेव्हा रजा टाकून येणार, गावच्या शाळेत आईच्या मागं रांगेत उभी राहणार. तिथलं नागरिकत्व त्याच्यानंतर. 6ए आज रात्री भरतेय, आप्पा पोच मागायला बसलेत.